कलाक्षेत्र : घरची कला आणि शाळेची कला

कलावंताचे मूल्यमापन करणे सोपे नसते. पण कलेसाठी शाळा काढणाऱ्या व्यक्तीचे मूल्यमापन त्याहून अवघड असते. कवीची कविता, चित्रकाराचे चित्र आपल्यापुढे असते आणि त्याविषयी बरेवाईट बोलता येते. शाळा काढणाऱ्याची कृती मात्र माणसांच्या रूपाने जगात विखुरलेली असते. ती त्याच्या हयातीत पुरी होत नाही, आणि त्याच्या मागे तिचे जे होते त्यातही त्याचा वाटा असतो. रुक्मिणीदेवी अरुंडेल (१९०४–१९८६) आणि त्यांनी ६ जानेवारी १९३६ रोजी मद्रासजवळच्या अड्यार येथे स्थापन केलेली संस्था, म्हणजेच पुढे 'कलाक्षेत्र' ह्या नावाने जगाला माहीत झालेली कलाशाळा, हिचा विचार करताना ही अडचण पदोपदी जाणवते.

ह्या विषयावर दोन मते नेहमी ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की, चिखलात पडलेले रत्न रुक्मिणीदेवींनी उचलले, धुतले आणि देशाच्या मुकुटात बसविले. दुसरा पक्ष म्हणतो की, ते रत्न चिखलात नव्हतेच. ते एका घरात होते आणि त्या घराच्या लेकींकडून ते काढून घेण्यात आले. आमच्या मते ही दोन्ही विधाने अपुरी आहेत. ती नृत्याविषयी बोलतात, पण शाळेविषयी बोलत नाहीत. आणि रुक्मिणीदेवींची खरी निर्मिती ही शाळाच होय. म्हणून आम्ही प्रश्न असा मांडतो : एखादी कला घरातून शाळेत येते तेव्हा तिला काय मिळते, आणि ती काय गमावते?

आज ज्या नृत्याला आपण भरतनाट्यम् म्हणतो, त्याला त्या काळी सादिर म्हणत. देवळात, दरबारात आणि श्रीमंतांच्या लग्नसमारंभात ते चाले. ते करणाऱ्या स्त्रिया देवदासी कुळांतल्या असत आणि झांजांच्या ठेक्यावर बोल म्हणत ते शिकविणारे व चालविणारे गुरू, म्हणजे नट्टुवनार, हेही पिढीजात असत. मराठी वाचकाला हे सारे परक्या मुलखातले वाटण्याचे कारण नाही. ह्या नृत्याच्या कार्यक्रमाची आजची मांडणी, म्हणजे अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा क्रम, तंजावरच्या ज्या चार बंधूंनी घडविली, ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु हे तंजावरच्या मराठा राजांचे, दुसरे सरफोजी ह्यांच्या दरबारचे आश्रित होते. त्या दरबारात नृत्यासाठी मराठीतूनही रचना झाल्या. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात देवदासी जी कुरवंजी नाचत, ती सरफोजींच्याच गौरवार्थ रचलेली होती. रुक्मिणीदेवींचे गुरू पंदनल्लूर मीनाक्षीसुंदरम् पिल्लै हे त्या चार बंधूंच्याच वंशातले. तेव्हा ह्या कथेच्या उगमाशी मराठी नावांचाही वाटा आहे, हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

रुक्मिणीदेवी त्या कुळांतल्या नव्हत्या. मदुरैच्या एका सुशिक्षित ब्राह्मण कुटुंबात २९ फेब्रुवारी १९०४ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील नीलकंठ शास्त्री सरकारी अभियंता होते. थिऑसॉफीच्या ओढीने ते पुढे कुटुंबासह अड्यारला येऊन राहिले. सोळाव्या वर्षी, १९२० मध्ये, मुंबईत त्यांनी जॉर्ज अरुंडेल ह्या चाळिशी ओलांडलेल्या इंग्रज थिऑसॉफिस्टाशी विवाह केला आणि मद्रासच्या सनातनी समाजात खळबळ उडाली. १९२८ मध्ये मुंबईत त्यांनी ॲना पाव्हलोव्हा ह्या रशियन नर्तकीचे नृत्य पाहिले, पुढे एकाच बोटीतून प्रवास करताना स्नेह जडला आणि त्यांनी बॅलेचे धडे घेण्यास आरंभ केला. आपल्याच देशाच्या नृत्यपरंपरेचा शोध घ्यावा, हा सल्लाही पाव्हलोव्हांचाच. १९३३ मध्ये मद्रासच्या संगीत अकादमीत पंदनल्लूरच्या दोन बहिणींचे सादिर त्यांनी पाहिले आणि त्या शोधाला दिशा मिळाली. मैलापूरच्या गौरी अम्माळ आणि मीनाक्षीसुंदरम् पिल्लै ह्यांच्याकडे त्या शिकल्या. १९३५ मध्ये अड्यारच्या थिऑसॉफिकल अधिवेशनात त्यांनी नृत्य सादर केले. एका प्रतिष्ठित ब्राह्मण स्त्रीने लोकांपुढे सादिर नाचावे, हे त्या काळी किती धाडसाचे होते, ते आज सहज कळणार नाही.

पण धाडसी नर्तक्या पुष्कळ होऊन गेल्या. रुक्मिणीदेवींचे वेगळेपण असे की, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, स्वतःच्या नृत्याची कीर्ती नुकती पसरू लागली असताना, त्यांनी शाळा काढली. प्रारंभी विद्यार्थिनी एकच होती. १९३८ मध्ये संस्थेस 'कलाक्षेत्र' हे नाव मिळाले. १९६२ मध्ये ती अड्यारहून जवळच्या तिरुवान्मियूर येथे, समुद्रालगतच्या सुमारे शंभर एकर जागेत गेली.

ह्या शाळेचा आराखडा आम्हांला तिच्या नृत्याहूनही महत्त्वाचा वाटतो. नृत्य शिकणाऱ्या मुलीने गाणे शिकलेच पाहिजे, असा तिथला दंडक. आणि शिकवायला कोण? टायगर वरदाचारियार, म्हैसूर वासुदेवाचार, पापनाशम् शिवन् ह्यांच्यासारखे कर्नाटक संगीतातले श्रेष्ठ पुरुष. कथकळी शिकविण्यासाठी केरळातून अंबू पणिक्कर आणि चंदू पणिक्कर आले. नर्तकीला साजेशी साडी बाजारात मिळेना, तेव्हा हातमाग बसविण्यात आले. जुन्या काठांचे, जुन्या रंगांचे कापड तिथे पुन्हा विणले जाऊ लागले. पुढे कलमकारीसारखी कापडावरील चित्रकलाही त्या आवारात आली. दिवसाचा आरंभ वडाच्या झाडाखाली, सर्व धर्मांच्या प्रार्थनांनी होई. पाठीशी मुलांची सर्वसाधारण शाळा होती. जॉर्ज अरुंडेल ह्यांच्या निमंत्रणावरून १९३९ मध्ये मारिया मॉन्टेसरी अड्यारला आल्या. ह्या इटालियन कॅथलिक विदुषीचे नाव आपल्या बालवाड्यांच्या पाट्यांवर आपण रोज वाचतो. महायुद्धामुळे त्यांना भारतात अडकून पडावे लागले आणि त्यांच्या मुलाला काही काळ नजरकैद भोगावी लागली. १९४६ पर्यंतच्या मुक्कामात त्यांनी ठिकठिकाणच्या शिक्षकांना आपली पद्धती शिकविली. मूल हाताने, डोळ्याने, सबंध देहाने शिकते हा त्यांचा सिद्धांत आणि नृत्याच्या शाळेत सुताचा रंग व झाडाची सावली ह्यांनाही स्थान असावे हा रुक्मिणीदेवींचा आग्रह, हे दोन विचार एकाच आवारात शेजारी नांदले, हे अर्थपूर्ण आहे.

आता ह्या शाळेने कोणती कला निर्माण केली ते पाहू. रंगमंचावर तिने पुष्कळ बदल केले. नर्तकीच्या मागे उभे राहून तिच्याबरोबर पुढेमागे सरकणारे वादक बाजूला बसविले. मंदिरातील मूर्तींच्या वेशभूषेवरून वेश बेतला. पाश्चात्य सहकाऱ्यांच्या मदतीने प्रकाशयोजना सुधारली. नृत्याच्या शारीरिक पायाला, म्हणजे गुडघे बाजूला वळवून अर्धे बसण्याच्या त्या स्थितीला आणि हातपायांच्या सरळ, स्वच्छ रेषांना, तिने अशी शिस्त लावली की आजही कलाक्षेत्रात शिकलेले शरीर जाणकारांस चटकन ओळखू येते.

परंतु तिची स्वतःची म्हणावी अशी निर्मिती म्हणजे नृत्यनाट्य. १९४४ च्या 'कुट्राल कुरवंजी'पासून तिचा आरंभ झाला. १९५५ च्या 'सीता स्वयंवरम्' पासून १९७० च्या 'महापट्टाभिषेकम्' पर्यंत पंधरा वर्षांत वाल्मीकिरामायण सहा भागांत रंगभूमीवर आले. संगीत म्हैसूर वासुदेवाचारांचे. १९६१ मध्ये ते निवर्तल्यावर त्यांच्या नातवाने, एस. राजाराम ह्यांनी, उरलेले काम पुरे केले. नृत्यनाट्याचे हे रूप शाळेच्या पोटातूनच जन्मले, असे आमचे मत आहे. सादिर ही एका स्त्रीची कला होती. नृत्यनाट्याला तीस-चाळीस नर्तक लागतात; राम, लक्ष्मण, जटायू लागतात आणि त्यासाठी कथकळीत तयार झालेले पुरुष लागतात; गायक, विणकर, रंगारी लागतात. ज्या विद्यार्थ्याच्या वाट्याला नायकाची भूमिका येणार नाही, त्यालाही वानर होऊन त्या कथेत स्थान मिळते. शाळा ही अशी वस्तू आहे की तिथे प्रत्येकाला काही काम मिळाले पाहिजे. ह्या दृष्टीने ही रामायणमालिका म्हणजे कलाक्षेत्राचे आत्मचरित्रच होय.

तिची मर्यादाही ह्याच ठिकाणी आहे. जिथे चाळीस माणसांची पावले एका क्षणी पडावयाची, तिथे कोणा एकाला ऐन वेळी सुचलेले काही करता येत नाही. आणि सादिरचा प्राण तर ह्या सुचण्यातच होता. बालसरस्वती (१९१८–१९८४) ह्या वीणा धनम्माळ ह्यांच्या थोर कलावंत घराण्यातल्या. सात वर्षांच्या असताना, १९२५ मध्ये, त्यांनी प्रथम लोकांपुढे नृत्य केले. पुढे आई जयम्माळ गात आणि मुलगी अभिनय करी. गाण्यातली एकच ओळ पुनःपुन्हा येई आणि प्रत्येक वेळी तिचा निराळा अर्थ हातांतून, डोळ्यांतून उमटे. आई पुढे काय गाणार हे मुलीला ठाऊक नसे, आणि मुलगी काय दाखविणार हे आईला ठाऊक नसे. तरी दोघी चुकत नसत, कारण दोघींनी एकाच घरात श्वास घेतला होता. घरची कला म्हणतो ती ही. गोमंतकातही हेच दिसते. रुक्मिणीदेवींच्याच वर्षी, १९०४ मध्ये, कुर्डी गावी जन्मलेल्या मोगूबाई कुर्डीकर आणि त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर ह्यांच्या गाण्यात जे संक्रमित झाले, ते कोणत्या अभ्यासक्रमात लिहिता आले असते?

बालसरस्वतींचा रुक्मिणीदेवींशी जो मतभेद झाला, तो बहुधा केवळ शृंगाराच्या संदर्भात सांगितला जातो. रुक्मिणीदेवींनी काही उघड शृंगारिक पदे वगळली आणि भक्तीवर भर दिला. ह्या नृत्यात शुद्ध करण्यासारखे काही नाही, शृंगार हाच त्याचा परमोच्च भाव असून तोच भक्तीकडे नेतो, असे बालसरस्वतींचे प्रतिपादन होते. ह्या वादात आम्ही बालसरस्वतींच्या बाजूस अधिक झुकतो. प्रीतीच्या भाषेवाचून भक्तीला बोलता येत नाही, हे ज्यांनी बायबलमधील गीतरत्न वाचले आहे त्यांना वेगळे पटवून देण्याची गरज नाही. मात्र रुक्मिणीदेवींवर कोरडेपणाचा सरसकट आरोप करणेही अन्यायाचे होईल. १९५९ मध्ये त्यांनीच जयदेवाचे 'गीतगोविंद' रंगभूमीवर आणले आणि ते काव्य तर शृंगाराने ओथंबलेले आहे. त्यांना शृंगार नको होता असे नव्हे. तो त्यांना काही अंतरावरून, समूहाच्या चौकटीत हवा होता. एकट्या स्त्रीने प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाहून त्याविषयी बोलावे, हे त्यांना रुचले नाही. आणि मुलींना शाळेत पाठवावे की नाही अशा विचारात पडलेल्या १९३६ च्या आईबापांनाही ते रुचले नसते. शाळेला पालक असतात, घराण्याला नसतात. शाळेच्या पुष्कळशा नीतीचे मूळ ह्या साध्या गोष्टीत असते.

शुद्धीची खरी किंमत मात्र दुसऱ्यांनी दिली, आणि ती सांगितल्यावाचून हे मूल्यमापन प्रामाणिक ठरणार नाही. देवदासींना मुलींसह ज्या शोषणात अडकविले जाई, ते थांबविणे आवश्यक होते. त्यासाठी झगडणाऱ्या डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी ह्यांची आईच देवदासी कुळातली होती, तेव्हा त्या बाहेरून उपदेश करीत नव्हत्या. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये आणि मद्रास प्रांतात १९४७ मध्ये ह्याविषयी कायदे झाले. ते न्याय्य होते. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्या नृत्याविरुद्ध जी चळवळ उठली, तिने प्रथेचा निषेध करताना त्या स्त्रियांचा आणि त्यांच्या विद्येचाही धिक्कार केला. त्या चळवळीत ख्रिस्ती मिशनऱ्यांचाही सहभाग होता, हे आम्ही धर्मगुरूंनी तरी लपवू नये. परिणाम असा झाला की, जी कला त्या स्त्रियांच्या अंगावर कलंक मानली गेली, तीच कला उच्चवर्णीय मुलींच्या अंगावर अलंकार ठरली. गौरी अम्माळ ह्यांचे उदाहरण घ्या. मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराशी त्यांची सेवा बांधलेली होती. अभिनयाचे धडे त्यांनी रुक्मिणीदेवींनाही दिले आणि बालसरस्वतींनाही. म्हणजे घर आणि शाळा ह्या दोन्ही प्रवाहांची ती एकच गंगोत्री. कलाक्षेत्रातही त्यांनी शिकविले. तरी त्यांचे उत्तरायुष्य हलाखीत गेले, आणि भरतनाट्यम् शिकणाऱ्या आजच्या किती मुलींना त्यांचे नाव ठाऊक असेल?

आता तराजूचे दुसरे पारडे. घराण्याचे दार जन्माने उघडते. शाळेचे दार ठोठावल्याने उघडते. १९५३ मध्ये केरळातल्या एका गरीब, मोठ्या कुटुंबातला मुलगा चंदू पणिक्करांबरोबर कलाक्षेत्रात आला. व्ही. पी. धनंजयन ह्या नावाने तो पुढे भरतनाट्यम्‌चा अग्रगण्य नर्तक झाला. जुन्या व्यवस्थेत त्याला हे नृत्य करणे शक्यच नव्हते, कारण तो त्या कुळातला नव्हता आणि स्त्रीही नव्हता. ओडिशाच्या संजुक्ता पाणिग्रही इथे शिकल्या आणि पुढे ओडिसीच्या उभारणीत त्यांनी मोलाची भर घातली. २००५ ते २०१२ ह्या काळात कलाक्षेत्राच्या संचालक असलेल्या लीला सॅमसन ह्यांची आई कॅथलिक, तर वडील बेने इस्राएल समाजातले यहुदी, म्हणजे आपल्या कोकणाशी आणि मराठी भाषेशी शतकांचे नाते असलेल्या समाजातले. रुक्मिणीदेवींचे चरित्रही त्यांनीच लिहिले. देवळाच्या गाभाऱ्यापुढे जन्मलेल्या कलेची धुरा अशा मुलीच्या हाती यावी, हे शाळेवाचून घडले नसते. आपल्या अंधेरीच्या ज्ञान आश्रमात फादर जॉर्ज प्रोक्श ह्यांनी येशूचे चरित्र भारतीय नृत्यात मांडण्याचा जो प्रयत्न केला, त्यालाही मोकळे दार ह्याच बदलाने मिळाले.

शाळा काढली म्हणजे ती टिकतेच असेही नाही. १९३८ मध्ये मादाम मेनका, म्हणजे लीला सोखी, ह्यांनी आपल्या खंडाळ्यात 'नृत्यालयम्' स्थापन केले. दमयंती जोशींसारखी शिष्या त्यांना लाभली. पण युद्धकाळ आणि मेनकांचे आजारपण ह्यांपुढे ती शाळा फार काळ तगली नाही. १९४७ मध्ये त्यांचे निधन झाले. कलाक्षेत्र मात्र १९४५ मध्ये जॉर्ज अरुंडेल गेल्यानंतरही उभे राहिले आणि १९८६ मध्ये रुक्मिणीदेवी गेल्यावरही. १९९३ च्या कायद्याने संसदेने त्यास राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला. १९७७ मध्ये राष्ट्रपतिपदासाठी उभे राहण्याची मोरारजी देसाई ह्यांची विनंती रुक्मिणीदेवींनी नाकारली होती. ज्या स्त्रीने शाळेपुढे राष्ट्रपतिभवनही दुय्यम मानले, तिची शाळा टिकली ह्यात नवल नाही.

परंतु टिकणे म्हणजे निर्दोष राहणे नव्हे. मार्च २०२३ मध्ये कलाक्षेत्राच्या विद्यार्थ्यांनी लैंगिक छळाच्या तक्रारींवरून निदर्शने केली आणि त्यानंतर एका अध्यापकास अटक झाली. दोषनिश्चिती हे न्यायालयाचे काम. त्यात आम्ही शिरत नाही. पण ज्या ठिकाणी गुरूच्या शब्दापुढे मान लवविणे हाच सद्गुण मानला जातो, तिथे दुबळ्याचा आवाज बाहेर पडावयास फार वेळ लागतो. धर्मसंस्थांत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांना हे नवे नाही. ख्रिस्तसभेनेही हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. शिस्त आणि भीती ह्यांच्यात सीमा आखणे, हे आश्रमधर्तीच्या प्रत्येक शाळेचे पहिले कर्तव्य होय. आवार पवित्र मानले म्हणून ती सीमा आपोआप आखली जात नाही.

मग आमचा निर्णय काय? शृंगाराच्या बाबतीत रुक्मिणीदेवींची दृष्टी संकोचलेली होती आणि त्यांच्या यशामुळे एका समाजाचे ऋण झाकले गेले, हे आम्ही मान्य करतो. तरीही नृत्य, गायन, विणकाम, भाषा आणि प्रार्थना ही एकाच जीवनाची अंगे आहेत हे प्रत्यक्ष संस्था उभी करून दाखविणारी अशी शाळा ह्या देशात विरळाच, आणि ह्या कार्याचे श्रेय त्यांना निःशंकपणे दिले पाहिजे. घरची कला उंच जाते, शाळेची कला दूर जाते. शाळेने घराला विसरू नये, एवढेच मागणे उरते.

आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुली आज संध्याकाळी घुंगरू बांधून क्लासला जातात. परीक्षा कितवी झाली, प्रमाणपत्र केव्हा मिळेल, हे आईवडील हौसेने विचारतात. त्यांनी आणखी तीन गोष्टी विचाराव्यात असे आम्ही सुचवितो. नाचाबरोबर मुलगी गायला शिकते काय? बाईंची चूक तिला न भिता सांगता येते काय? आणि हे नृत्य तिच्यापर्यंत कोणाच्या हातून आले, त्या स्त्रियांची नावे तिला कोणी सांगितली काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर क्लासमध्ये मिळाले नाही, तर ते घरी द्यावे. गौरी अम्माळ ह्या नावापासून आरंभ करता येईल.